शिडाच्या होडीवर दोघंच

दिवाळीनंतर नवरा-बायकोनं आठवडाभर कुठं जायचं, या यादीत आपल्याकडे सहसा न येणारी एक सहल आज सांगते. मुंबईहून गोव्याला, पण रेल्वेनं किंवा गाडीनं नाही, शिडाच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्यानं. राहायचं होडीत, रांधायचं होडीत, संध्याकाळी एखाद्या खाडीत शिरून नांगर टाकायचा. आणि होडीवर माणसं दोनच.

आधी वेगाची कल्पना घ्या. तीसेक फुटांची शीडबोट चांगल्या वाऱ्यात ताशी पाच सागरी मैल जाते, म्हणजे नऊ किलोमीटर. सायकलवालाही पुढं जाईल. म्हणून दिवसाला तीस-चाळीस मैलांचे टप्पे करायचे: मुरुड, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण.

ही सहल उत्तरेकडून दक्षिणेकडेच का करायची, ते वाऱ्यात आहे. शाळेत आपण मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते. ते इथं कामाला येतात. रात्री जमीन लवकर निवते, तेव्हा पहाटे जमिनीवरून समुद्राकडे हलका मतलई वारा सुटतो. दहा-अकराच्या सुमाराला तो पडतो, शिडं लोंबायला लागतात. मग जमीन तापली की दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, आणि हिवाळ्यात कोकणात तो बहुतेक वायव्येकडून येतो. दक्षिणेला निघालेल्या होडीच्या तो पाठीमागून, उजव्या अंगाला लागतो. परत मुंबईकडे यायचं तर तोच वारा तोंडावर. शीडबोट थेट वाऱ्यात जाऊ शकत नाही. तिला साधारण पंचेचाळीस अंशांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं घाटातल्या वळणांसारखं चढावं लागतं. वेळ दुप्पट आणि अंग भिजतं ते वेगळंच.

भरती-ओहोटीचा हिशेब आपल्या बायकांना जास्त चांगला जमेल, कारण तिथी आपल्या तोंडपाठ असते. किनाऱ्यावरची जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज मुंबईच्या बाजूला चांगला बसतो. दक्षिणेकडे वेळा थोड्या आधी येतात, म्हणून छापील तक्ता जवळ हवाच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, गोव्याकडे दोन मीटरच्या आसपास.

याचा उपयोग काय? शीडबोटीच्या पोटाखाली जड कणा असतो, तो दीड-दोन मीटर खोल जातो. आपल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा बांध साठलेला असतो. म्हणून खाडीत शिरायचं ते चढत्या पाण्यात. होडी वाळूत रुतलीच, तर तासाभरात पाणी वाढून तीच उचलली जाते. उतरत्या पाण्यात रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत कलंडून बसा. शिवाय ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना समोरून खारा वारा आला, की तोंडाशी लाटा उभ्या राहतात. आणि उजेड असताना शिरायचं. डोलजाळ्यांचे खुंट आणि जाळ्यांचे तरंगते डबे अंधारात दिसत नाहीत, पंख्यात दोरी अडकली की इंजिन बंद. त्या जाळ्यात एखाद्या घराची मिळकत असते हेही विसरू नये.

स्वयंपाकाचं थोडक्यात सांगते. शेगडी झोक्यासारखी टांगलेली असते, होडी कलली तरी भांडं सरळ राहतं. पण गॅस हवेपेक्षा जड. घरी तो दारा-खिडक्यांवाटे निघून जाईल, होडीत तो तळाशी साठतो आणि ठिणगीची वाट बघतो. चहा झाला की सिलिंडरपाशीच बंद करायचा, नुसता शेगडीचा कान पिळून भागत नाही. बोट लागते त्यांनी आत खाली बसून कांदा चिरू नये. वर यावं, क्षितिजाकडे बघावं, आणि सगळ्यात गुणकारी म्हणजे सुकाणू हातात घ्यावं. सुकाणू धरणाऱ्याला बोट कमी लागते.

आणि मला खरं बोलायचंय ते या सुकाणूबद्दल. अशा सहलींत बहुतेक वेळा वाटणी ठरलेली असते. तो होडी चालवणार, ती डबे काढणार, दोरी धर म्हटलं की दोरी धरणार. दोघांचीच होडी असेल तर ही वाटणी धोक्याची आहे. समजा, वारा पाठीमागून आहे, शिडाची आडवी दांडी एकदम या बाजूची त्या बाजूला फिरली आणि तो पाण्यात पडला. पाच मैलांच्या वेगानं होडी एका मिनिटात दीडशे मीटर पुढं जाते. लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, तेही अधूनमधून. आता होडीवर एकटी ती आहे.

तिनं उडी मारायची नाही. तरंगतं कडं फेकायचं, जीपीएसवर जागा नोंदवायचं बटण दाबायचं, नजर त्याच्यावरून हलवायची नाही. मग सुकाणू फिरवून होडीचं नाळेचं टोक वाऱ्याच्या पलीकडे न्यायचं, पण पुढच्या शिडाची दोरी सोडायची नाही. ते शीड उलट्या बाजूनं भरतं आणि होडी अडखळून जवळजवळ थांबते. बहुतेकींना हीच गोष्ट कुणी सांगितलेली नसते: शीडबोटीला ब्रेक नसला तरी थांबवता येतं. इंजिन लावण्याआधी पाण्यात दोरी लोंबत नाही ना बघायचं, आणि माणूस होडीच्या अगदी जवळ आला की इंजिन बंद. ओल्या कपड्यांतला पाऊणशे किलोचा माणूस हातानं ओढून वर घेता येत नाही. शीड चढवण्याची दोरी त्याच्या पट्ट्यात अडकवून चरकानं वर घ्यावा लागतो. हे जमत नसेल तर वायरलेसच्या सोळा नंबरच्या चॅनेलवर हाक, किंवा मोबाइल लागत असेल तर तटरक्षक दलाचा 1554.

यात ताकदीचं काम चरक करतो, बाकी सगळं माहितीचं. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्यानं 1968 मध्ये कॅलिफोर्नियात स्वतः बांधलेली 24 फुटी ‘सेराफिन’ पाण्यात सोडली. तिला इंजिनच नव्हतं. दोघांनी आळीपाळीनं पहारे करत तिच्यातून जगाला फेरी मारली. एक झोपला की दुसऱ्याच्या हाती सगळी होडी, म्हणजे दोघांनाही सगळं यायलाच हवं. आपल्या नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. तर दोघी बायकाच. 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्याहून ‘तारिणी’ घेऊन निघाल्या आणि 29 मे 2025 ला पृथ्वीला वळसा घालून गोव्यात परतल्या. ‘तारिणी’ 56 फुटी आहे, आपल्या सहलीच्या होडीच्या जवळपास दुप्पट.

जायचा विचार असेल तर आधी मुंबईत किंवा गोव्यात शिडाची होडी चालवायला शिका. एक सल्ला, हसलात तरी चालेल: नवऱ्याकडून शिकू नका. स्कूटर शिकताना काय होतं ते आठवा. गोव्यात होडी भाड्यानं मिळते तेव्हा बहुधा कप्तान सोबत असतो. पहिल्या खेपेला तो असलेलाच बरा, आणि त्यालाच सांगायचं की दुपारभर सुकाणू माझ्याकडे.

मग दोघंच निघाल त्या पहिल्या दिवशी, वारा बेताचा असताना, लांब दोरी बांधलेला एक रंगीत डबा पाण्यात टाका. त्यानं हाताची घडी घालून गप्प बसायचं. तिनं एकटीनं होडी वळवून, थांबवून तो डबा वर घ्यायचा. तीनदा. मग जागा बदलायच्या. जोपर्यंत दोघांनाही डबा मिळत नाही, तोपर्यंत बंदराच्या तोंडाबाहेर जायचं नाही.