तुषार, वाफ आणि किरणोत्सर्गी कण

साक्री तालुक्यात उगम पावणारी पांझरा तापीस मिळते आणि तापीचे पाणी उकाईवरून काकरापारच्या बंधाऱ्याशी पोचते. तेथील अणुवीज केंद्र साक्रीपासून सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरवर आहे. त्यातील प्रत्येकी ७०० मेगावॉटचे दोन नवे संच २०२३ व २०२४ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. त्यांच्या अणुभट्टीभोवतीच्या हवाबंद काँक्रीट-वास्तूत, म्हणजे रोधगृहात, वरून पाण्याचे तुषार सोडण्याची योजना आहे.

इंधन वितळू लागल्यास वाफेबरोबर सिझियम, आयोडीन इत्यादी द्रव्ये सूक्ष्म कणांच्या वा वायूच्या रूपाने रोधगृहात पसरतात. दाब जितका अधिक, तितकी गळतीची भीती मोठी. ‘तुषार’ या शब्दाचा संस्कृतात हिम, थंडावा असाही अर्थ आहे. येथे प्रथम तो थंडावाच कामास येतो. वाफ थिजून दाब उतरतो, आणि पडता पडता थेंब हवेतील कण टिपतात.

ते किती टिपतात हे थेंबांच्या आकारावर फार अवलंबून आहे. व्यास निम्मा केला तर तेवढ्याच पाण्याचे आठपट थेंब होतात व त्यांचे एकूण छेदक्षेत्र दुप्पट होते. परंतु बारीक थेंब प्रवाहाबरोबर भरकटतात. कपाशीवर औषध फवारणाऱ्या शेतकऱ्यास ही अडचण सांगावयास नको.

कणांचे वर्तन अधिक विलक्षण आहे. एक मायक्रोमीटरहून बरेच मोठे कण जडत्वामुळे थेंबावर आदळतात. अतिसूक्ष्म कण रेणूंच्या धक्क्यांनी इतस्ततः हालत थेंबास चिकटतात. मधले, मायक्रोमीटरच्या काही दशांशांएवढे कण मात्र दोहोंतून निसटतात. थेंबावर थिजणारी वाफ त्यांपैकी काहींना ओढून नेते, एवढाच दिलासा. म्हणून हवा जसजशी स्वच्छ होते, तसतशी उरलेली हवा स्वच्छ करणे अवघड होत जाते. ज्या गणिती प्रतिरूपात सर्व कणांसाठी प्रारंभीचाच एक वेग गृहीत धरलेला असतो, ते बाहेर पडणाऱ्या किरणोत्सर्गाचा अंदाज कमी देते. ही चूक सुखद वाटणारी, म्हणूनच घातक. आयोडीनची बाब निराळी : मूलद्रव्यरूप आयोडीन अल्कधर्मी पाण्यात सहज शोषले जाते, मेथिल आयोडाइड मात्र फारसे जात नाही.

खरा पेच हायड्रोजनचा आहे. तापलेल्या झिर्कोनियमवर वाफेची क्रिया होऊन तो निर्माण होतो. रोधगृहात वाफ सुमारे ५५ टक्क्यांहून अधिक असेतोवर तो पेटत नाही. तुषार नेमकी तीच वाफ काढून घेतात. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे क्रम उलट होता : हायड्रोजन आधी जळला, दाब एकाएकी चढला आणि मग तुषार आपोआप सुरू झाले. वास्तू टिकली. तुषार आधी सोडले तर काय, किती वेळाने व किती प्रमाणात सोडावे, याची परीक्षा खऱ्या केंद्रात घेता येत नाही. ती गणनेनेच करावी लागते.

गणनेस कसोटी हवी. फ्रान्समधील साक्ले येथील ‘तोस्कान’ या ७ घनमीटरच्या पात्रात हायड्रोजनऐवजी हेलियम वापरून, माथ्याशी साचलेला हलका वायू तुषारांनी कसा ढवळला जातो हे मोजले गेले. या ढवळण्याने एका ठिकाणी साचलेला हायड्रोजन विरळ होतो, हा तुषारांचा गुणही त्यात दिसतो. मात्र लहान पात्रात पुष्कळ थेंब भिंतीवर आदळून वाया जातात, तर हजारो घनमीटरांच्या रोधगृहात ते दूरवर पडत एकमेकांत मिसळून मोठे होतात. म्हणून तोस्कानशी जुळलेले प्रतिरूप काकरापारसारख्या वास्तूस लावताना, थेंबांचे हे मिसळणे त्यात स्वतंत्रपणे मांडावे लागते.