ऑकलंडमध्ये स्कूटर घ्यायची म्हणता?



आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. घर हिल्सबरो, माउंट रॉस्किल, लिनफील्डच्या बाजूला. नोकरी शहरात नाहीतर विमानतळाकडे. घरात एक कार आहे आणि दुसरी घ्यायची तर ती उभी कुठे करायची इथपासून प्रश्न. मग कोणीतरी म्हणतं, "त्यापेक्षा एक स्कूटर घेऊन टाकू का?" मी हिल्सबरोत राहतो आणि चार वर्षं तीनशे सीसीची स्कूटर चालवतो, त्यामुळे हा प्रश्न फिरत फिरत माझ्याकडे येतो. आरतीच्या रांगेत उभ्या उभ्या याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून आज जरा निवांत बोलू.

आधी शब्दाचा घोटाळा सोडवू. "स्कूटर" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती वडिलांची चेतक, नाहीतर ताईची ॲक्टिव्हा. बजाजची चेतक आली १९७२ मध्ये. सकाळी एका बाजूला कलती करायची, किक मारायची, पुढे पोर उभं, मागे आई, आणि हँडलजवळच्या हुकाला भाजीची पिशवी. ती गाडी गावात फिरायची. इथे ज्या तीनशे-चारशे सीसीच्या स्कूटरबद्दल आपण बोलतोय, ती वेगळ्या जातीची आहे. यामाहाची एक्समॅक्स ३०० घ्या. इंजिन २९२ सीसी, ताकद साधारण २८ हॉर्सपॉवर, वजन १८० किलोच्या आसपास. म्हणजे चेतकच्या दुप्पट इंजिन आणि तिपटीहून जास्त ताकद. सुझुकीची बर्गमन ४०० तर २१५ किलोच्या घरात जाते. (भारतात बर्गमन स्ट्रीट नावाने मिळते ती १२५ सीसीची. आडनाव एक, घराणं वेगळं.)

न्यूझीलंडच्या कायद्याला तर "स्कूटर" हा शब्दच महत्त्वाचा वाटत नाही. ५० सीसीपर्यंतची आणि ताशी ५० किलोमीटरच्या वर न जाणारी दुचाकी म्हणजे मोपेड. ती कारच्या लायसन्सवर चालवता येते. त्याच्या वरचं सगळं म्हणजे मोटरसायकल, मग पाय ठेवायला फळी असो वा नसो. त्यासाठी क्लास ६ चं लायसन्स लागतं. आधी गाडी हाताळण्याची प्राथमिक चाचणी, मग लेखी परीक्षा, मग लर्नर, रिस्ट्रिक्टेड आणि फुल. लर्नर आणि रिस्ट्रिक्टेड असताना डबलसीट चालत नाही आणि रात्री १० ते पहाटे ५ गाडी काढता येत नाही. शिकाऊ माणसाने कोणती गाडी चालवावी यावरही मर्यादा आहे: ६६० सीसीपर्यंत, आणि वजनाच्या मानाने ताकद टनाला १५० किलोवॅटच्या आत. तीनशे-चारशे सीसीच्या स्कूटर या मर्यादेत आरामात बसतात. नवशिक्याला कायद्याने चालणारी आणि तरीही मोटरवेवर दमदारपणे धावणारी गाडी, हीच या वर्गाची खरी मेख आहे.

मोटरवे हा शब्द आला, तिथे थोडं थांबू. आपल्या मनात खोलवर बसलेलं आहे की मोठा वेगवान रस्ता दुचाकीसाठी नसतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे; दुचाकीवाल्याने जुन्या हायवेने खंडाळ्याचा घाट चढायचा. ऑकलंडमध्ये उलटं आहे. शहरच मोटरवेभोवती पसरलेलं आहे. हिल्सबरोच्या टेकडीवरून खाली उतरलं की स्टेट हायवे २०. डावीउजवीकडे मानुकाऊ, विमानतळ, वॉटरव्ह्यूचा बोगदा. २०१७ मध्ये हा २.४ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि आमच्या भागातून पश्चिमेला आणि शहरात जाणं सोपं झालं. पण त्या सगळ्यासाठी ८०-१०० च्या वेगात, ट्रकच्या शेजारून जावं लागतं.

म्हणून स्कूटर किती सीसीची घ्यावी हे तुमच्या रोजच्या रस्त्यावर ठरतं, खिशावर नंतर. नोकरी शहराच्या मध्यभागी असेल आणि तुम्ही डोमिनियन रोड किंवा माउंट ईडन रोडने जाणार असाल, तर माझं स्पष्ट मत: १२५ सीसी पुरे. वेगमर्यादा ५० किंवा त्याहून कमी, आणि वर बस लेनचा फायदा. न्यूझीलंडमध्ये बस लेनमधून दुचाकी नेता येते; फक्त "बस ओन्ली" लिहिलेली लेन वर्ज्य. सकाळी आठ वाजता कारच्या रांगेशेजारून नियमाने पुढे सरकण्याचं सुख काय असतं ते लक्ष्मी रोडवर वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पण ऑफिस आल्बनीला, मानुकाऊला किंवा विमानतळाजवळ असेल, तर १२५ च्या नादी लागू नका. ती ९० च्या आसपास धापा टाकायला लागते. मोटरवेवर शिरताना बऱ्याच ठिकाणी रॅम्प सिग्नल असतो. तिथे पूर्ण थांबायचं, हिरवा होताच निघायचं आणि थोड्याशा अंतरात १०० च्या प्रवाहात मिसळायचं. तिथे हाताशी शिल्लक ताकद लागते. संकटातून वाचायला नेहमी ब्रेकच कामी येतो असं नाही. कधी मूठ पिळून दोन गाड्यांच्या मधून सुटावं लागतं. तीनशे सीसीत ती शिल्लक आहे. चारशेत आणखी आहे, पण वजनही आहे, आणि हिल्सबरोच्या उतरत्या ड्राइव्हवेवर २१५ किलो मागे ढकलायचे तर सकाळचा व्यायाम तिथेच होतो.

आता गाडी चालते कशी, हे समजून घ्या, कारण चालवण्याची पद्धत त्यावर अवलंबून आहे. चेतकला डाव्या मुठीत क्लच आणि गिअर होते. या गाड्यांना गिअर नाहीत. दोन कप्प्यांमध्ये एक रबरी पट्टा फिरतो; इंजिनाचा वेग वाढला की आतले छोटे रोलर बाहेर फेकले जातात, कप्पीची रुंदी बदलते आणि पट्टा वरखाली सरकून आपोआप गिअर बदलल्यासारखं होतं. १९८० च्या दशकात किनेटिक होंडा आली ती याच तत्त्वावर, तेव्हा पुण्यात हा चमत्कार पाहिलेले अजून पुष्कळ जण असतील. याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. एक म्हणजे पट्टा झिजतो. साधारण २० ते २५ हजार किलोमीटरला बदलावा लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. जुनी गाडी घेताना "सर्व्हिस झाली आहे" या उत्तरावर समाधान मानू नका, पट्टा कधी बदलला ते विचारा. दुसरं, वेग अगदी कमी झाला की क्लच आपोआप सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते. यू-टर्न घेताना एकदम मूठ सोडली तर गाडी ज्या बाजूला वळताय त्याच बाजूला आडवी होऊ पाहते. अशा वेळी मूठ किंचित पिळलेली ठेवून मागचा ब्रेक हलका दाबायचा. रिकाम्या पार्किंगमध्ये रविवारी अर्धा तास एवढंच करा.

चाकं मोटरसायकलपेक्षा लहान. एक्समॅक्सचं पुढचं १५ इंची, मागचं १४. बर्गमनचं मागचं तर १३. शिवाय बऱ्याच स्कूटरांचं इंजिन मागच्या चाकाबरोबरच हलतं, त्यामुळे खड्डा थेट कमरेला कळतो. इथे खड्डे कमी आहेत, पण दुसरी गंमत आहे: उन्हाळ्यात रस्त्यावर डांबर ओतून वर खडी टाकतात आणि वाहनांच्या चाकांनीच ती दाबून घेतात. त्या सुट्या खडीवर तात्पुरती कमी वेगमर्यादा लावलेली असते. कारवाले ती पाळत नाहीत. तुम्ही पाळा. पावसात पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं साबणासारखी होतात, आणि ऑकलंडला पाऊस बाराही महिने कधीही पडतो. पुढच्या काचेमुळे आणि पायांपुढच्या पत्र्यामुळे स्कूटरवर मोटरसायकलपेक्षा कमी भिजायला होतं, एवढा दिलासा आहे.

पावसापेक्षा वारा वाईट. हार्बर ब्रिजवर जोराचा वारा असला की रस्तेवाल्यांची सूचना येते: दुचाकी आणि उंच वाहनांनी पूल टाळावा, स्टेट हायवे १६ आणि १८ ने जावं. ही सूचना हसण्यावारी नेऊ नका. १८ सप्टेंबर २०२० ला ताशी १२७ किलोमीटरच्या झोताने या पुलावर ट्रक कलंडला आणि पुलाच्या सांगाड्याचा एक भाग मोडला. ट्रकची ही कथा, तर आपण कोण. सुदैवाने हिल्सबरोकरांना पश्चिमेचा वळसा घराच्या पायथ्यापासूनच मिळतो.

आता हिशोब, एमबीएची खोड जात नाही. रोज जाऊन-येऊन २० किलोमीटर, वर्षाचे २३० दिवस, म्हणजे ४६०० किलोमीटर. तीनशे सीसीला शंभर किलोमीटरला साडेतीन लिटर धरा, कारला आठ. वर्षाला वाचलं साधारण २०० लिटर पेट्रोल. बरं वाटतं ना? आता रेजो बघा. मोटरसायकलची रेजो कारच्या कितीतरी पट असते, कारण त्यात एसीसीचा हप्ता असतो. अपघातात जखमी झालेल्याला, चूक कोणाचीही असो, एसीसी उपचार देते आणि पगाराच्या ८० टक्के भरपाई देते. १९७४ पासून ही व्यवस्था आहे, आणि दुचाकीवाले जास्त जखमी होतात म्हणून त्यांच्याकडून जास्त घेतलं जातं. २००९ मध्ये ही वाढ जाहीर झाली तेव्हा हजारो दुचाकीस्वार वेलिंग्टनला संसदेवर गेले होते. तर रेजो, वॉरंट ऑफ फिटनेस, सर्व्हिसिंग, विमा, टायर आणि अंगावरचे कपडे धरले की पेट्रोलची बचत तिथेच संपते. कार विकून स्कूटर घेत असाल किंवा शहरात पार्किंगचे पैसे भरत असाल, तरच आकडे जुळतात. नाहीतर तुम्ही वेळ विकत घेताय असं समजा. मला तो सौदा पटला, तुम्हाला पटेलच असं नाही.

विम्याबद्दल एक इशारा. भारतात थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, इथे नाही. म्हणून कोणी मागत नाही, म्हणून लोक काढत नाहीत. एसीसी शरीराचं बघते, समोरच्याच्या महागड्या गाडीचं नाही. निदान थर्ड पार्टी काढाच.

आणि घरच्यांची काळजी. ती खरी आहे, तिला "काही होत नाही गं" हे उत्तर नाही. रस्त्यावर मरणाऱ्यांमध्ये दुचाकीस्वारांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठा आहे. त्यात आपली सवय वेगळी. पुण्यात आपण कानाने गाडी चालवतो, हॉर्न देत देत. इथे हॉर्न कोणी वाजवत नाही आणि समोरून उजवीकडे वळणारा कारवाला तुमच्यातून आरपार बघतो. चौकात त्याचे डोळे बघू नका, त्याचं पुढचं चाक बघा. हललं की कळतं. पंधरा वर्षं दुचाकी चालवली नसेल तर जुन्या अनुभवाचं भांडवल फार धरू नका. एसीसीचा राइड फॉरेव्हर नावाचा प्रशिक्षणवर्ग आहे, बराचसा खर्च तेच उचलतात, शिकवणारा दिवसभर तुमच्याबरोबर रस्त्यावर असतो. मोटरवेवर पहिल्यांदा जाण्याआधी तो करा. हेल्मेट भारतातून आणवू नका. इथे ईसीई २२ किंवा एएस/एनझेडएस १६९८ सारखा मान्य शिक्का लागतो, आयएसआय चालत नाही. हेल्मेटसक्तीवर वाद घालण्याची पुणेरी परंपराही विमानतळावरच ठेवून या.

लांबच्या रस्त्याचं म्हणाल तर दक्षिणेला बॉम्बे हिल्स. हो, तेच नाव, बॉम्बे नावाच्या जहाजातून आलेल्या लोकांच्या वस्तीवरून पडलेलं. त्यापुढे वायकाटो एक्स्प्रेसवे, बऱ्याच भागात मर्यादा ११०. तीनशे सीसी तिथे चालते, पण दमलेल्या आवाजात. मी १०० वर डावी लेन धरतो. १३ लिटरच्या टाकीत हॅमिल्टनला जाऊन-येऊन होतं. पाठ मात्र तासाभराने बोलायला लागते, कारण स्कूटरवर बसण्याची पद्धत एकच. हिवाळ्यात सकाळी वायकाटोत धुकं दाट असतं, तेव्हा उशिरा निघा.

शेवटचं, खास आपल्या घरांसाठी. सीटखाली डिकी प्रशस्त आहे, दोन हेल्मेट मावतात, सँडरिंगहॅमहून आठवड्याची भाजी येते. पण चेतकसारखी सपाट फळी पुढे नाही, मधे उंचवटा आहे. त्यामुळे पायाशी गॅस सिलिंडर नाही, तांदळाचं पोतं नाही, आणि पुढे उभं राहणारं पोरही नाही. मागे बसणाऱ्याने दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं, आणि त्याचे पाय फूटरेस्टला टेकले पाहिजेत. आई भारतातून आल्यावर साडी नेसून एका बाजूला बसून देवळात जाईन म्हणाल्या, तर त्यांना कारनेच न्या.