डाव चालू असताना

ओब्रा डिन हे व्यापारी जहाज 1802 मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघालं. ते केप ऑफ गुड होपला पोचलंच नाही, तेव्हा बुडालं असं धरून सगळे मोकळे झाले. आणि 1807 च्या ऑक्टोबरात, शिडं फाटलेली, डेकवर जिवंत माणूस नाही, अशा अवस्थेत ते आपलं आपण इंग्लंडच्या फालमथ बंदरात येऊन लागलं. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा कॉम्प्युटरवरचा गेम इथून सुरू होतो. खेळणारा असतो ईस्ट इंडिया कंपनीचा विमा निरीक्षक. त्याच्या हातात एक वही आणि एक घड्याळ. जहाजावरच्या 60 जणांपैकी प्रत्येकापुढे तीन रकाने भरायचे: हा कोण, याचं काय झालं आणि ते कुणी केलं.

माझी सगळी नोकरी एका विमा कंपनीच्या मरीन क्लेम्स विभागात गेली. तिथे माणसं नव्हती, माल होता. भिजलेली साखरेची पोती, गंज चढलेल्या पोलादाच्या गुंडाळ्या, उघडल्यावर रिकामी निघालेली खोकी. पण रकाने हेच. त्यामुळे निवृत्तीनंतर डोंबिवलीत बसून रात्री नऊनंतर मी पुन्हा तेच काम करते आहे, आणि तेही स्वतःचे पैसे घालून, याचं घरच्यांना जेवढं हसू येतं तेवढं मला येत नाही.

घड्याळ प्रेताजवळ नेलं की पडदा काळा होतो. आधी फक्त आवाज ऐकू येतात: पावलं, शिव्या, लाकूड मोडल्याचा आवाज, कुणाचे तरी शेवटचे शब्द. मग मरणाचा तो एक क्षण गोठलेला समोर उभा राहतो. आपण त्यात चालू शकतो, शिडीवरून वाकून बघू शकतो, दाराआड कोण लपलंय ते पाहू शकतो, पण कशालाही हात लावता येत नाही. वहीत खलाशांची यादी आहे, हुद्दे आहेत, देश आहेत, आणि चित्रकाराने काढलेली सगळ्यांची रेखाचित्रं आहेत. चेहरा आणि नाव यांची गाठ मात्र आपण घालायची. गणवेशावरून, बोलण्याच्या ढबीवरून, कोण कुणाशेजारी उभा राहतो यावरून. यादीत हिंदुस्थानातले खलाशीही आहेत. कोकणातून किती माणसं गोऱ्यांच्या जहाजांवर गेली आणि त्यातल्या किती जणांची नावं कुठल्या वहीत धड लिहिली गेली, हा प्रश्न त्या यादीवर बोट फिरवताना माझ्या मनात येतोच.

माझं या गेमबद्दलचं मत विचाराल तर मी चित्रांपासून सुरुवात करणार नाही, जरी चित्रं अशी कुठे पाहिली नव्हती. दोनच रंग, गडद आणि फिका, आणि जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपकेच ठिपके. मला बोलायचंय ते तीनच्या नियमाबद्दल. तुम्ही एका माणसाचे रकाने भरलेत तर ते बरोबर की चूक हे गेम सांगत नाही. तीन माणसांची पूर्ण माहिती बिनचूक झाली, की मगच त्या तिघांवर शिक्का बसतो. एकेकाची खात्री लगेच मिळाली असती तर कुणीही यादीतली नावं एकापाठोपाठ लावून पाहिली असती आणि तासाभरात सगळं उरकलं असतं. तीनच्या अटीमुळे अंदाज महाग पडतो. दोन खात्रीची आणि तिसरं अंदाजाने, एवढी चलाखी चालते. ती मी करते. ऑफिसात केली नाही.

लुकास पोप या जपानमध्ये राहणाऱ्या अमेरिकन माणसाने हा गेम जवळजवळ एकट्याने केला, 2018 मध्ये तो आला आणि पुढच्या वर्षी त्याला ‘बाफ्टा’ची दोन बक्षिसं मिळाली. त्यातलं एक खेळाच्या रचनेसाठी होतं, ते मला पटलं. न पटणारी गोष्ट अशी, की एखादा मृत्यू पुन्हा पाहायचा तर त्या प्रेतापर्यंत पायी चालत जावं लागतं. डेकवरून खाली, तिथून आणखी खाली, परत वर. कागद टेबलावर हवा, गोदामात नको, असं वाटणारी मी बाई आहे. आणि आठवण पहिल्यांदा पाहताना गेम आपल्याला थोडा वेळ तिथेच अडकवून ठेवतो. मला जे पाहायचं ते पाहून झालेलं असतं, संगीत मात्र संपत नाही.

हे सगळं मी माझ्या भाच्याला फोनवर सांगते. त्याने हा गेम कधीच संपवलाय. आमचा करार असा, की त्याने उत्तर द्यायचं नाही, फार तर प्रश्न विचारायचा. “मावशी, तो माणूस झोपतो कुठे, बघितलंस?” एवढाच. त्या प्रश्नाने माझी एक अख्खी संध्याकाळ सोन्याची केली. का, ते इथे लिहिणार नाही. तुमच्यापैकी कुणी उद्या खेळायला घेतलं तर मला शिव्या बसतील.

संपलेल्या गेमबद्दल माणसं गोष्ट सांगतात. चालू गेमबद्दल मात्र तक्रार, हावरटपणा, हट्ट असं सगळं सांगतात. मला दुसरं ऐकायला आवडतं. सिनेमा सगळ्यांना सारखाच दिसतो, म्हणून तो संपल्यावर बोलणं ठीक. गेममध्ये तुम्ही कुठे अडलात, कुठला नियम तुम्हाला बोचला, काय मोजत बसलात, हे तुमचं एकट्याचं असतं आणि शेवट झाला की पंधरा दिवसांत विसरायला होतं. भाच्याला आज विचारलं तर त्याला जहाजाची गोष्ट आठवते, जिन्यावरची ती वरखाली पायपीट आठवत नाही. म्हणजे शिफारस करताना तो निम्मा गेम सांगतच नाही.

गेम म्हटलं की आमच्या सोसायटीत अजून दोनच गोष्टी डोक्यात येतात: पोरांची बंदूकबाजी किंवा मोबाइलवरची पैशांची रमी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला, तेव्हा एका शेजारणीने मला काळजीने विचारलं होतं, “आता तुमचं कसं?” मी तिला ओब्रा डिन दाखवला. ती म्हणाली, “यात मिळतं काय?” काहीच मिळत नाही. एकदा पैसे देऊन गेम विकत घ्यायचा आणि घरात बसून खेळायचा. कादंबरी विकत घेतल्यावर तरी काय मिळतं?

याच पोपचा ‘पेपर्स, प्लीज’ मी आधी खेळले होते. 2013 चा तो. काळ 1982 चा, देश आर्स्टोट्झ्का नावाचा, काल्पनिक. तुम्ही सीमेवरचे कारकून. खिडकीत माणूस येतो, पासपोर्ट, परवाना, तारीख, फोटो तपासायचा, शिक्का मारायचा. जितकी माणसं बिनचूक निकालात काढाल तितके पैसे, आणि संध्याकाळी त्यातूनच भाडं, जेवण, शेगडीचं जळण, आजारी पोराचं औषध. एक नवरा येतो, त्याचे कागद ठीक आहेत. जाताना सांगतो, मागे बायको आहे, जरा सांभाळून घ्या. तिच्याकडे परवाना नाही. सोडलं तर तुमच्या नावावर चूक लागते. चाळीस पानी लेखात सरकारी खिडकीबद्दल जे समजणार नाही ते त्या शिक्क्याच्या दांड्याने समजतं, कारण तुम्ही स्वतः घाईत असता आणि रांग वाढत असते. मी तिला सोडलं, पण तेवढ्यापुरता माझा पहिला विचार दंडाचा होता, तिचा नव्हता. गेमला मला तिथेच गाठायचं होतं.

सध्या दुसरा चालू आहे तो पुण्याचा. ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या कंपनीने 2020 मध्ये काढलेला. त्याआधी लोकांकडून वर्गणी जमवायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी तो पुरा केला. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळासारख्या कसरती करणारी मुलगी, तिच्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात, आणि दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते. गोष्ट विष्णू आणि दुर्गा मिळून सांगतात आणि मधूनमधून ती सावल्यांच्या बाहुल्यांतून दिसते. सिंधुदुर्गात पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्या माणसाला तिथे थांबून राहावंसं वाटतं. भिंतींवरची चित्रं मी एकेक करून बघत बसते, भाचा म्हणतो, पुढे चल. पण पुढे उड्या आहेत. भिंतीवरून धावत जाऊन खांबाला लटकायचं, लगेच मागे फिरून वार करायचा. माझ्या अंगठ्यांना ते जमेलच असं नाही, आणि लढाया मला एकसारख्याच वाटतात. तरीही महाल पाहायला मी रोज थोडी थोडी पुढे सरकते. वर्णनाचा आवाज आधी इंग्रजीच होता, नंतरच्या आवृत्तीत हिंदी आला. माझं मत: हिंदीतच खेळा.

आणि मग शेत. ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बरोन या अमेरिकन तरुणाने चारेक वर्षं खपून एकट्याने बनवला. चित्रं, संगीत, संवाद सगळं त्याचं. रात्री तो सिएटलमधल्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायचा. 2016 च्या फेब्रुवारीत गेम आला आणि तेव्हापासून जगभर लोक त्या छोट्या शेतात नांगरतायत. तुम्ही जोजा नावाच्या मोठ्या कंपनीत टेबलाशी बसून कंटाळलेले असता, आजोबांचं पत्र उघडता आणि त्यांनी ठेवलेल्या पडीक शेतावर राहायला जाता. हातात 500 नाणी, काही अवजारं आणि पार्सनिप नावाच्या पांढऱ्या गाजरासारख्या कंदाचं बी.

ऋतू चार, प्रत्येक 28 दिवसांचा. गेमचा एक दिवस आपल्या साधारण 14 मिनिटांत संपतो. ऋतू पालटला की उभं पीक एका रात्रीत वाळतं, म्हणून तारीख डोक्यात ठेवावी लागते. फ्लॉवरचं बी 80 ला, गड्डा जातो 175 ला, पण तयार व्हायला 12 दिवस. म्हणजे खत न घालता सतरा तारखेला लावलेला फ्लॉवर हाती लागत नाही. बुधवारी बियाण्याचं दुकान बंद. बुजगावणं नसेल तर कावळे. रात्री दोनच्या आत झोपला नाहीत तर शेतकरी जिथे असेल तिथे कोसळतो. झोपायला गेलं की दिवसाची जमा दिसते, शेती वेगळी, मासे वेगळे, रानातलं वेगळं. तो पडदा पाहण्यासाठी मी आणखी एक दिवस खेळते, मग आणखी एक.

माझे दीर निफाडला कांदा करतात. दिवाळीत आले होते तेव्हा त्यांनी बाजूला बसून पाहिलं. पाण्याची झारी पाहून हसले, पाऊस पडला की झारी उचलावी लागत नाही हे त्यांना आवडलं. मग विचारलं, “सगळ्यांनी फ्लॉवरच लावला तर?” मी म्हटलं, काही नाही, 175 च मिळतात. हजार गड्डे नेले तरी 175. ते जरा थांबले आणि म्हणाले, “वहिनी, भाव पडतच नाही? मग ही शेती नाही, ही नोकरी आहे.”

लासलगावचा बाजार पाहिलेल्या माणसाचं ते मत आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. बरोनने कर्ज ठेवलं नाही, दलाल ठेवला नाही, रात्री दोनला येणारी वीज ठेवली नाही. टंचाई ठेवली ती फक्त वेळेची आणि अंगातल्या शक्तीची. टेबलाशी बसणाऱ्यांना शेतीचं जे स्वप्न पडतं ते अगदी असंच असतं, त्यामुळे तो कुणासाठी बनवलाय हे उघड आहे. माझ्यासाठी. मला वादळात वीज पडून एक रोप गेलं तरी हळहळ वाटते.

नावडतं ते गावकऱ्यांचं खातं. प्रत्येकाच्या नावापुढे बदाम आहेत, भेट दिली की भरतात, आठवड्याला दोनच भेटी मोजतात. तंबूत राहणाऱ्या लायनसशी बोलायला मला आवडतं, पण बदाम दिसायला लागल्यापासून त्याला काय आवडतं याचाच विचार डोक्यात येतो. भाचा म्हणतो, “तू बघूच नकोस तो तक्ता.” हिशोब समोर असताना न बघणं मला शिकवलेलं नाही.

सध्या आमचं भांडण जोजावरून आहे. गावात एक मोडकळीला आलेलं समाजगृह आहे. ते दोन रीतींनी मार्गी लागतं. एक, यादीतल्या वस्तू एकेक आणून खोल्या भरायच्या. अमुक ऋतूचं पीक, पावसातच सापडणारा मासा, आणि एखादी वस्तू चुकली तर पुढच्या वर्षापर्यंत थांबा. दुसरी, 5,000 नाणी भरून जोजाचं सभासद व्हायचं, समाजगृहाचं त्यांना गोदाम करू द्यायचं आणि बाकी सगळं पैशाने करून घ्यायचं. भाचा भडकतो. “ज्या कंपनीची नोकरी सोडून आलीस, तिचीच सभासद होणार?” मी त्याला म्हटलं, मी जिथून निवृत्त झाले त्यांचं पेन्शन दर महिन्याला घेते, त्यात काय बिघडलं. त्याचं म्हणणं गावातल्या दुकानदाराचं काय होणार. माझं म्हणणं, तो दुकानदार बुधवारी दुकान उघडत नाही.

माझ्याकडे आत्ता 5,000 च्या थोडी वर नाणी आहेत. कोंबड्यांचं खुराडं 4,000 ला पडतं, लाकूड आणि दगड वेगळे. लाकूड आहे. भाच्याला सांगितलेलं नाही, पण आधी कोंबड्या.