मावशीचा निरोप आणि वाचलेला हात

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय.

मदिना शहर, साधारण १३०० वर्षांपूर्वीचं. एका नबाती माणसाने लोखंडाच्या कड्या चोरल्या आणि तो पकडला गेला. अबू बक्र इब्न हज्म या अधिकाऱ्याने त्याला कोठडीत टाकलं. आता हात तोडायचा. तेवढ्यात चारचौघांत बसलेल्या अबू बक्रकडे एक दासी निरोप घेऊन आली. निरोप त्याच्या मावशीचा, अम्रा बिन्त अब्दुर्रहमान यांचा: चोरीचा माल पाव दिनारपेक्षा कमी किमतीचा असेल तर हात तोडायचा नाही. पाव दिनार म्हणजे जेमतेम एक ग्रॅम सोनं. कड्या कुठल्या एवढ्या किमतीच्या! भाच्याने त्या माणसाला सोडून दिलं.

आता प्रश्न असा, की अधिकाऱ्याने मावशीचं का ऐकावं?

कारण अम्रा लहानाच्या मोठ्या झाल्या पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्याकडे. आयेशांनी पैगंबरांकडून ऐकलेलं अम्रांनी ऐकलं, पाठ केलं, पुढच्यांना सांगितलं. तेव्हा हदीस मुख्यतः तोंडीच चालायच्या. त्यामुळे मजकुराइतकंच महत्त्व 'इस्नाद'ला, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं त्या साखळीला. आमच्या भाषेत सांगायचं तर कमिट हिस्टरीच. पाव दिनारच्या नियमाची साखळी बघा: इमाम मालिक, त्यांच्या आधी याह्या इब्न सईद, त्यांच्या आधी अम्रा, त्यांच्या आधी आयेशा. मधली अम्रा काढली की ही साखळी तिथेच तुटते.

इब्न शिहाब अझ-झुहरी हा त्या काळातला मोठा विद्वान. ज्ञान हवं असेल तर अम्रांकडे जा, असं त्याला सांगण्यात आलं. तो गेला, आणि विहीर उपसून संपेना अशी त्याची गत झाली.

पण तोंडी ज्ञानाचा धोका उघड आहे: माणूस गेलं की सगळं गेलं. बॅकअपच नाही! खलिफा उमर इब्न अब्दुल अझीझ (कारकीर्द ७१७ ते ७२०) यांना हीच भीती वाटली. त्यांनी हदीस लिहून काढायचा हुकूम दिला, त्यात अम्रांच्या हदीसचा नाव घेऊन उल्लेख केला. एका बाईचं नाव सरकारी हुकमात, तेही आठव्या शतकात. मला तर हे वाचून दोनदा तपासावं लागलं.

आणि हुकूम गेला कोणाला? त्याच भाच्याला, अबू बक्रला. कड्यांची गोष्टही आपल्याला कळली ती त्यानेच सांगितली म्हणून. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त ती आजही आहे.