पाहुण्यांची यादी कोणाच्या हातात?

जंगलाकाठचा व्यवसाय : भाग ६

ताडोब्याचा कोअर भाग पावसाळ्यात बंद असतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. म्हणून मोहर्लीतल्या होमस्टेवाल्यांसाठी सप्टेंबर हा पत्रव्यवहाराचा महिना. पुण्याचं कुटुंब विचारतं, दिवाळीत दोन खोल्या मिळतील का. बंगळूरचा छायाचित्रकार विचारतो, मोहर्ली गेट बरं की कोलारा. कोणाला नागपूर विमानतळावरून गाडी हवी असते. त्याच दिवसांत आपल्यालाही जुन्या पाहुण्यांना कळवायचं असतं की हंगाम सुरू होतोय, या. येणारं प्रत्येक पत्र वेगळं असतं आणि त्याला वेगळं उत्तर लागतं. जाणारं पत्र एकच, पण शेकडो जणांना. ही दोन कामं निरनिराळी आहेत. ती एकाच फुकटच्या खात्यावर ओढली की ऐन हंगामात दोन्ही अडतात.

मागच्या भागात स्वतःचं डोमेन का घ्यावं ते पाहिलं. आज त्यावरची पत्रं कुठे वाचायची आणि यादी कुठे ठेवायची, ते.

रोजच्या पत्रांसाठी बहुतेक जण ब्राउझरमध्ये जीमेल उघडतात. ते वाईट नाही. पण जंगलाकाठी रेंजचा भरवसा नसतो, आणि ज्या वेळी पाहुण्याचं बुकिंग शोधायचं असतं नेमकी त्याच वेळी रेंज जाते. म्हणून पत्रांची एक प्रत आपल्याच संगणकावर ठेवणारं सॉफ्टवेअर असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मोझिलाचं थंडरबर्ड २००४ पासून आहे, फुकट आहे, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून अँड्रॉइड फोनसाठीही मिळतं. आउटलुकची सवय असेल तर तेही चालेल. जोडताना आयमॅप पद्धत निवडा. पॉप ही जुनी पद्धत पत्रं सर्व्हरवरून एका यंत्रावर उतरवून घेते. मग थोरला भाऊ काउंटरवर काय उत्तर देऊन बसला हे जिप्सीवर असलेल्या धाकट्याला फोनवर दिसत नाही, आणि एकच खोली दोघांना दिली जाते. आयमॅपमध्ये सर्वांना एकच चित्र दिसतं: कोणतं पत्र वाचलं, कशाला उत्तर गेलं, कोणतं तसंच पडून आहे. झोहो मेल घ्यायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा की त्याच्या फुकट योजनेत आयमॅप नाही. थंडरबर्डशी जोडायचं तर पैसे भरावे लागतात.

जीमेलच्या १५ जीबीत फोटो आणि ड्राइव्हही मोडतात. वाघाचे मोठमोठे फोटो आणि व्हिडिओ त्याच खात्यात साठवले की जागा भरते, आणि भरलेल्या खात्यावर नवीन पत्र येतच नाही. पाहुण्याला वाटतं, हे लोक उत्तर देत नाहीत. फोटोंचं खातं वेगळं ठेवा.

आता एकगठ्ठा पत्राकडे. फुकटच्या जीमेलवरून दिवसाला ५०० पत्त्यांपर्यंतच पत्र जातं. थंडरबर्डमधून पाठवलं तरी पत्र गूगलच्याच सर्व्हरवरून जातं, म्हणून सॉफ्टवेअर बदलून ही मर्यादा टळत नाही. ती ओलांडली की खात्यावरून पाठवणं एक दिवसापर्यंत बंद होऊ शकतं. हंगामाच्या पत्रापायी उद्याच्या पाहुण्याला द्यायचं उत्तर अडकतं. दुसरी अडचण बीसीसीची, म्हणजे पत्ते एकमेकांपासून झाकणाऱ्या रकान्याची. सगळे पत्ते चुकून ‘टू’मध्ये पडले तर प्रत्येक पाहुण्याला इतर सगळ्यांचे पत्ते दिसतात, आणि ते परत झाकता येत नाहीत.

यासाठी ब्रेवो, मेलचिंप, झोहो कॅम्पेन्स अशा वेगळ्या सेवा आहेत. त्या प्रत्येकाला स्वतंत्र पत्र धाडतात, नावानं संबोधतात, परत आलेले पत्ते बाजूला काढतात आणि खाली ‘यापुढे पत्र नको’ अशी कळ देतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं नियम कडक केले. पत्र खरोखर त्याच डोमेनवरून आलं याचा पुरावा पाठवणाऱ्यानं द्यावा लागतो. एसपीएफ आणि डीकेआयएम या त्यासाठीच्या नोंदी. दिवसाला ५,००० हून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना डीमार्क ही तिसरी नोंद आणि एका टिचकीत यादीतून बाहेर पडण्याची सोयही सक्तीची आहे. आपण त्या आकड्याच्या जवळपासही नसलो तरी या तिन्ही नोंदी डोमेनवाल्याकडून करून घ्याव्यात, नाहीतर पत्र स्पॅममध्ये जातं आणि आपल्याला कळतही नाही. या सेवांमध्ये मी झोहोकडे झुकतो: कंपनी चेन्नईची आहे आणि बिल रुपयांत येतं. पण खरं सांगायचं तर वर्षातून तीन-चार पत्रं पाठवणाऱ्याला यांतली कुठलीही सेवा पुरते.

निवड अवघड आहे ती यादीची, आणि इथे थोडं थांबायला हवं. बुकिंग डॉट कॉमवरून आलेल्या पाहुण्याचा खरा ई-मेल पत्ता होमस्टेला मिळतच नाही. मिळतो तो कंपनीनं तयार केलेला टोपण पत्ता, आणि त्यावरचं पत्र कंपनीमार्फत पोहोचतं. तो पाहुणा आपल्या अंगणात चहा प्यायला, गाईडशी तासभर बोलला, तरी यादीत तो आपला नाही. म्हणून निघताना एका वहीत नाव आणि पत्ता लिहून घ्यावा, आणि समोर विचारावं: हंगामाची माहिती पाठवली तर चालेल का? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संसदेनं २०२३ मध्ये केला. दिलेली संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, हे त्याचं सूत्र आहे. वहीत ‘हो’चा एक रकाना ठेवला की निम्मं काम झालं. सफारीच्या बुकिंगसाठी मागवलेले आधारचे फोटो मात्र सफारी संपली की इनबॉक्समधून आणि ट्रॅशमधूनही काढून टाका. ते यादीचा भाग नव्हेत.

वहीतली नावं संगणकात चढवताना एक घोळ हमखास होतो. एक्सेलमध्ये ‘सुनीताताई, नाशिक’ असं नीट मराठीत भरलं, साध्या सीएसव्हीत साठवलं, आणि दुसरीकडे उघडलं तर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं: ????????. शेजारच्या रकान्यात ९१ लावून लिहिलेला मोबाइल नंबर 9.19E+11 असा झालेला, शेवटचे आकडे कायमचे गेलेले. साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडला की मराठी अक्षरं टिकतात, आणि नंबर भरण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ केला की आकडे टिकतात. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये २५,००० पर्यंत नोंदी मावतात, पण सीएसव्हीतून एका वेळी ३,००० च घेतल्या जातात. मोठी यादी तुकड्यांनी चढवावी.

रकाने मोजके ठेवा: नाव, गाव, ई-मेल, कधी आले, कशासाठी आले, संमती. ‘कशासाठी’ हा सर्वांत मोलाचा. जो इरई धरणाच्या जलाशयावर पक्षी पाहायला हिवाळ्यात येतो त्याला मे महिन्यातल्या पाणवठ्यावरच्या वाघाचं पत्र नको असतं; जो भर उन्हाळ्यात कॅमेरा घेऊन येतो त्याला तेच हवं असतं. पावसाळ्यात बफरमधल्या सफारीबद्दल कोणाला कळवायचं, हेही याच रकान्यावरून ठरतं. सॉफ्टवेअर निवडताना म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारा: माझी यादी, सगळ्या रकान्यांसकट, मला हवी तेव्हा बाहेर काढता येते का? ज्यात ही सोय नाही ते फुकट असलं तरी घेऊ नका.

मंगळवारी कोअरमधली सफारी बंद असते, म्हणून हे काम त्या दिवशीचं ठरवून टाका. आठवड्यात आलेली नावं चढवा, दोनदा आलेली एकत्र करा, ‘पत्र नको’ म्हणणाऱ्यांची काढा. मग यादी सीएसव्हीत उतरवून फाइलच्या नावात तारीख घाला, पेन ड्राइव्हवर एक प्रत घ्या आणि ती घरातल्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा: नावं मराठीत दिसतात का, नंबर पूर्ण आहेत का.

पुढच्या भागात : रद्द झालेल्या सफारीबद्दल पाहुण्याला काय लिहावं आणि कधी लिहावं.