टाकीतली रिकामी जागा

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूर स्थानकात पाण्याची पहिली गाडी आली. मिरजेहून ३४२ किलोमीटर, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. काही दिवसांतच पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली आणि ऑगस्टपर्यंत तिच्या शंभरावर फेऱ्या झाल्या. त्या पाण्याचं मोल लातूरकरांना सांगायला नको. पण त्या वाघिणी मूळच्या पेट्रोल-डिझेल वाहणाऱ्या जातीच्या होत्या. राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात वाफेने आतून धुऊन त्या मिरजेला धाडल्या होत्या. धोकादायक द्रव रुळांवरून सुखरूप कसे जातात, हे समजून घ्यायला मराठवाड्याला यापेक्षा जवळचं उदाहरण नाही.

अशा एका वाघिणीत सुमारे ७० हजार लिटर द्रव मावतो. लातूरला येताना मात्र तीत ५० हजारांच्या आसपासच पाणी असे. कारण वजनाचं आहे. रिकामी वाघीण २७ टनांची, तिला चार आस आणि दर आसावर २० टनांहून किंचितच जास्त भार चालतो. म्हणजे माल जास्तीत जास्त ५४ टन. पेट्रोल हलकं, लिटरला पाऊण किलोही नाही. टाकी जवळजवळ भरली तरी मर्यादा ओलांडत नाही. पाणी लिटरला एक किलो. त्यामुळे पाऊण टाकी भरली की थांबावंच लागतं.

उरलेली पाव टाकी निरुपद्रवी नसते. गाडीने ब्रेक लावला की द्रव पुढे धावतो, टाकीच्या टोकावर आदळतो आणि परततो. युरोपात रस्त्यावरच्या टँकरसाठी नियमच आहे की आत आडव्या जाळ्या-भिंती नसतील तर टाकी ८० टक्क्यांहून जास्त तरी भरा, नाहीतर २० टक्क्यांहून कमी ठेवा. मधली पातळी सर्वांत वाईट. आपल्याकडे पेट्रोलियमच्या वाघिणींना धक्का देऊन सोडण्याची, म्हणजे लूज शंटिंगची, मनाई असते, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग पेट्रोल काठोकाठ भरावं? तेही नाही. तापमान २० अंशांनी वाढलं तर पेट्रोल सुमारे दोन टक्के फुगतं. ६८ हजार लिटरमागे हे तेराशे लिटरहून जास्त होतं. पाणी त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकंच फुगतं. द्रव दाबून बसवता येत नाही. त्याला वर जागा मिळाली नाही तर तो टाकीच्या पत्र्यावर जोर काढतो. म्हणून भरताना वरची जागा मोजून सोडलेली असते. नांदेड-लातूरच्या मे महिन्यात यार्डात दिवसभर तापणाऱ्या टाकीसाठी ही मोकळी जागा म्हणजे जीवच आहे. घरगुती गॅसचं सिलिंडरही याच कारणाने पूर्ण भरत नाहीत.

सगळ्यांत फसवी असते ती रिकामी केलेली टाकी. भरलेल्या टाकीत द्रवावरची वाफ इतकी दाट असते की तिला पेटायला हवा पुरत नाही. रिकामी केल्यावर हवा आत शिरते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेहून जड, तळाशी बसते आणि नाकाला कळतं तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. कोट्यातली वाफेची धुलाई पाण्याच्या शुद्धतेसाठी होतीच. पण इंधनाच्या कुठल्याही टाकीत माणूस उतरवण्याआधी किंवा वेल्डिंग करण्याआधी ती अशी धुऊन, आतली हवा उपकरणाने तपासून घ्यावीच लागते. ‘रिकामीच तर आहे’ या वाक्याने जगभर माणसं मारली आहेत.

वाघिणीच्या पोटाखाली पाहिलं तर या धोक्याचा विचार लोखंडात उतरलेला दिसतो. मुख्य झडप टाकीच्या आत, तळाशी असते. ती उघडायचं चाक वर, टाकीच्या माथ्यावर. तिच्याखाली बाहेरचे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या तोंडावर बोल्टांनी आवळलेली आंधळी झाकणं. खालचा पाइप अपघातात तुटून गेला तरी आतली झडप बंद राहावी, ही त्यातली योजना.

तरीही सारी भिस्त टाकीवर ठेवून चालत नाही. ६ जुलै २०१३ ला कॅनडातल्या लाक-मेगांटिक गावात कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी घुसली आणि ४७ माणसं गेली. गाडी रात्री उतारावर उभी होती, जवळ कोणी नव्हतं. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकमधली हवा हळूहळू गळली आणि हातब्रेक पुरेसे आवळलेले नव्हते. आपल्याकडेही १३ जुलै २०२५ ला तमिळनाडूत तिरुवल्लूरजवळ डिझेलची गाडी घसरून पेटली.

काळजी घेतली तर काय साधतं, हे महाराष्ट्राने २०२१ च्या एप्रिलमध्ये पाहिलं. कळंबोलीहून निघालेली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमहून द्रवरूप प्राणवायूचे सात टँकर घेऊन परतली. तीन नागपूरला उतरले, चार नाशिकला. उणे १८३ अंशांचा माल, वेग आणि झटके दोन्हींवर बंधन. ३,३२० मिलिमीटर उंचीचे टँकर १,२९० मिलिमीटरच्या सपाट वाघिणीवर ठेवायचे, म्हणून मार्गावरचे पूल, बोगदे, विजेच्या तारा आधी तपासल्या गेल्या आणि घाट टाळून वसईमार्गे लांबचा रस्ता धरला गेला.

रुळांच्या किंवा महामार्गाच्या कडेला राहणाऱ्यांनी मात्र एक पाटी वाचायला शिकलंच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. टँकरवरचा चार अंकी आकडा हा पदार्थाचा जागतिक क्रमांक: १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ स्वयंपाकाचा गॅस, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरिन. पेट्रोलसोबत ‘३ वाय ई’ असंही लिहिलेलं असतं. त्यातला ३ सांगतो की आग फेसाने विझवा. पाण्याच्या फवाऱ्यावर पेट्रोल तरंगत पसरतं. शेवटचा ई सांगतो की वस्ती हलवण्याचा विचार करा. टाकी उलटली तर कॅन घेऊन धावू नका, जवळ मोटारसायकल सुरू करू नका. वारा ज्या बाजूने येतो तिकडे दूर जा, क्रमांक लांबूनच वाचा आणि ११२ किंवा रेल्वेच्या १३९ वर तोच आधी सांगा.