तबकडीवाचून पुनर्स्थापना

पूर्वी संगणक विकत घेताना त्याच्या खोक्यात कार्यप्रणालीची तबकडी मिळत असे. पुढे बहुतेक उत्पादकांनी ही प्रथा सोडली व मूळ प्रत हार्ड डिस्कच्याच एका राखीव विभागात ठेवण्यास आरंभ केला. सोय मोठी, परंतु डिस्कच निकामी झाली तर रोग्याबरोबर औषधही जाते. म्हणून यंत्र चालू आहे तोवरच पुनर्स्थापनेची सिद्धता केलेली बरी.

सर्वप्रथम छायाचित्रे, पत्रव्यवहार, हिशेब यांच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. कार्यप्रणाली पुन्हा मिळू शकते. हा संग्रह मात्र मिळत नाही. विंडोज ११ ची प्रत मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. तीसाठी किमान ८ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह लागतो व त्यावरील आधीचा सर्व मजकूर पुसला जातो. परवान्याची २५ अक्षरांची किल्ली जुन्या यंत्रांच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावर छापलेली असे. २०१२ च्या विंडोज ८ पासून ती बहुधा मदरबोर्डवरच साठविलेली असते. डिस्कला ‘बिटलॉकर’चे कुलूप असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी. ती त्याच संगणकात ठेवणे म्हणजे किल्ली पेटीत टाकून पेटी बंद करणे होय.

एक बाब सहसा विसरली जाते. नव्या कार्यप्रणालीला कधीकधी वायफायचे उपकरण ओळखता येत नाही, आणि ते ओळखून देणारा ड्रायव्हर तर इंटरनेटवर असतो! तो आधीच पेन ड्राइव्हवर घ्यावा. मग त्या पेन ड्राइव्हवरून संगणक एकदा सुरू करून पाहावा. पडद्यावर स्थापनेची पहिली सूचना दिसताच तेथूनच परत फिरावे. जुनी डिस्क पुसण्याची वेळ अजून आलेली नाही.